पूर्णिमाचा मॅक आणि मथुराबाईंचे कान

गावातल्या शनवारा दरवाजाजवळ माझं चष्म्याचं दुकान आहे आणि त्याला लागूनच पूर्णिमाचं कानाच्या मशीनचं. मधे प्लायवुडची एक भिंत. पलीकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला कमी ऐकू येतं, म्हणून तिथे सगळे ओरडून बोलतात, आणि ते सगळं मला ऐकू येतं. कुणाचा मुलगा भेटायला येत नाही, कुणाचं सुनेशी पटत नाही, कुणाला मशीन नकोच आहे कारण मग बायकोचं बोलणं ऐकावं लागेल. मी पूर्णिमाला कितीदा सांगितलं, भिंत जरा जाड करून घे. ती म्हणते, "काका, तुम्ही कान बंद करून बसत जा ना. भिंतीला कायको खर्च करायचा?" पोरीच्या जिभेला धार आहे.

पोरगी म्हणतो ते सवयीने. तिलाच आता शाळेत जाणारी मुलगी आहे. तिचे वडील चांदनी स्टेशनवर रेल्वेत होते, ती तिथल्या क्वार्टरमध्ये वाढली. इंदूरला कानाच्या तपासणीचं शिकली, एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काही वर्षं कामाला होती, मग लग्न होऊन इथे आली. इथे येऊन तिने सासूबाईंना सरळ सांगितलं की गावात एवढे कापडाचे खडखडणारे लूम आहेत, म्हणजे कमी ऐकू येणारे लोक असणारच, म्हणजे माझं दुकान चालणारच. हिशोब बरोबर होता, फक्त गिऱ्हाईक यायला तयार नव्हतं. लूमवर काम करणाऱ्याला कमी ऐकू येणारच, त्यात दुकानात जाण्यासारखं काय आहे, असं सगळ्यांचं मत. पहिलं वर्षभर ती रिकाम्या दुकानात बसून माझी वर्तमानपत्रं वाचायची. मग उठली आणि लूमच्या गल्ल्यांमधून स्वतः फिरायला लागली. लोकांच्या ओट्यावर बसून त्यांचे कान तपासायची. आज तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त गर्दी असते. मला याचा राग येत नाही असं मी सगळ्यांना सांगतो.

लूमवर आयुष्य काढलेल्या माणसाची एक गंमत आहे. त्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येणं शक्यच नसतं, म्हणून माणसं ओठ बघून बोलणं ओळखायला लागतात. कुणी शिकवत नाही, ते आपोआप होऊन जातं. आणि त्यांचं त्यांनाच ठाऊक नसतं की आपण कानाने नाही, डोळ्यांनी ऐकतो आहोत. म्हणून पूर्णिमा तपासताना तोंडापुढे एक पुठ्ठा धरते आणि त्याच्याआडून विचारते, जेवलात का, नळाला पाणी आलं का. पुठ्ठ्याआडून विचारलेल्याचं उत्तर आलं तरच ती मानते.

या वर्षी गणपती उठले आणि दुसऱ्या दिवशी तिचा लॅपटॉप बसला. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितला, तोंड वाकडं केलं आणि परत बंद करून दिला. इथे तिचं सगळं काम अडलं. कानाचं मशीन डबीतून काढून नुसतं कानात घालून चालत नाही. ज्याचा कान जसा बिघडला असेल तसं ते आधी कॉम्प्युटरवर बसवून घ्यावं लागतं. त्यासाठी एक छोटी डबी असते. तिची एक वायर कॉम्प्युटरला जाते, दुसरी मशीनला. आणि ते बसवायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं.

तिच्या घरी एक कॉम्प्युटर होता, पण तो मॅक. तिचा भाऊ गौरव इंदूरला जाहिरातींची डिझाइनं करतो. त्याने नवा घेतला तेव्हा जुना भाचीसाठी पाठवून दिला. दिसायला राजबिंडा, पातळ, चंदेरी. भाची त्यावर मांजरांचे व्हिडिओ बघायची. पूर्णिमाने तो दुकानात आणून ठेवला आणि मशीनच्या कंपनीला फोन लावला. स्पीकर चालू होता, त्यामुळे मीही ऐकलं. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, मॅक पे नहीं चलेगा. ओनली विंडोज." तिने तीन वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं, त्याने तेच उत्तर तीन वेळा दिलं.

मी माझ्या दुकानातला बिलाचा कॉम्प्युटर देऊ केला. तो इतका म्हातारा निघाला की ते सॉफ्टवेअर त्यात शिरायलाच तयार होईना. पूर्णिमा म्हणाली, "काका, याला आता पेन्शन द्या." नवा लॅपटॉप मागवायचा तर यायला आठवडाभर लागणार होता, आणि त्याच दिवशी दुपारी मथुराबाई आल्या. त्यांच्याकडे आठवडा नव्हता.

मथुराबाईंनी जन्मभर लूमवर कांड्या भरल्या, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम केलं. त्या आत येऊन "नमस्कार" म्हणाल्या आणि माझ्या कपाटातल्या फ्रेमा थरथरल्या. त्यांचा सगळा आवाज असाच. भांडण नाही, राग नाही, त्यांना वाटतं आपण साधं बोलतो आहोत. त्यांचं माहेर दापोऱ्याचं, केळीवाल्यांचं. भाऊ नाही आता, भाचा रितेश आहे. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, आणि बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान फुईचा. रितेशला सख्खी बहीण नाही, म्हणून त्याच्या थोरल्या मुलाच्या वेळी तो मान मथुराबाईंकडे आला. त्या पाळण्यावर वाकल्या आणि त्यांनी बाळाच्या कानात हळूच नाव सांगितलं. त्यांच्या मते हळूच. पलीकडच्या मळ्यात केळीची गाडी भरणारे लोक म्हणाले, नाव चांगलं आहे. बाळाने जे भोकाड पसरलं ते दिवे लागेपर्यंत थांबेना, आणि सुनेच्या माहेरचे लोक पोट धरून हसले.

हे सगळं मथुराबाई स्वतःच सांगत होत्या. आम्हीही हसलो, त्याही हसल्या.

"आता मुलगी झाली रितेशले," त्या म्हणाल्या. "रविवारी बारसं आहे. शीतल त्याले म्हणत होती, या टायमाले इच्छापूरच्या सुलभाले नाव ठेवू दे, फुई नको. ती अंगनाच्या त्या कोन्यात उभी होती, मी या कोन्यात. तिले वाटलं मले काय समजते. मले सगळं समजलं."

शीतल म्हणजे रितेशची बायको, आणि सुलभा त्याची चुलत बहीण. पूर्णिमाने विचारलं, "मावशी, तुम्ही भांडलात का मग?"

"कायले भांडू? तिचं काय चुकलं? लेकरू घाबरते तिचं." मथुराबाईंनी पदराने तोंड पुसलं. "रितेशले मीच म्हटलं, रविवारपर्यंत मले हळू बोलता आलं तर मी ठेवीन, नाही तर सुलभा. पण बाई, हळू बोलनं कसं असते तेच मले माहीत नाही. माझाच आवाज मले ऐकू येत नाही, तर मोठा का बारीक ते कसं समजंल?"

मी चष्मा पुसायला लागलो. रितेशने मशीन आधीच घेऊन दिलेलं होतं, ते पूर्णिमाच्या कपाटात डबीत पडून होतं, आणि ते बसवून द्यायला कॉम्प्युटर नव्हता. पूर्णिमा त्यांना म्हणाली, "मावशी, उद्या या. होऊन जाईल." त्या गेल्यावर मी विचारलं, कसं होणार? ती म्हणाली, "मला काय माहीत, काका. बोलून तर बसले."

तिने गौरवला फोन लावला. तो म्हणाला, ताई, मॅकवर विंडोजचं सॉफ्टवेअर चालत नाही, पण मॅकच्या आत अख्खं विंडोज चालतं. एक प्रोग्राम येतो, तो मॅकच्या पोटात दुसरा खोटा कॉम्प्युटर उभा करतो. त्या कॉम्प्युटरला वाटतं आपण खरेच आहोत. त्यात विंडोज टाक, आणि विंडोजमध्ये तुझं सॉफ्टवेअर. हा मॅक जुना आहे ते बरंच झालं, नव्यात हे नीट बसत नाही, याला जमेल.

मला काही कळलं नाही, तेव्हा पूर्णिमाने मला समजेल असं सांगितलं. मॅक घरमालक. विंडोज भाडेकरू. घरमालकाने एक खोली भाड्याने दिली, भाडेकरू आपली चूल आपण पेटवणार. हे मला पटलं, कारण माझ्याकडे भाडेकरू आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर येऊन बसली. मोबाइलवरून इंटरनेट घेऊन तिने तो खोली भाड्याने देणारा प्रोग्राम उतरवला. मग विंडोज उतरायला लावलं. निम्मं झालं आणि लाइट गेली. लाइट आली, इंटरनेट गेलं. इंटरनेट आलं, तर भाडेकरूने सांगितलं की जागा कमी पडते आहे. मग मांजरांचे सगळे व्हिडिओ पुसावे लागले, आणि संध्याकाळी मुलीला काय सांगायचं याची चिंता वेगळीच. शेवटी मॅकच्या चंदेरी पडद्यावर एक चौकट उघडली आणि त्या चौकटीत विंडोज सुरू झालं, निळं, ओळखीचं. मी चहा घेऊन उभा होतो. घराच्या आत घर दिसावं तसं दिसत होतं ते. त्या मॅकचा पंखा इतक्या जोरात फिरायला लागला की मी म्हटलं, "हा पण लूमवर कामाला लागला वाटतं."

"बोलू नका काका, त्याला राग येईल," पूर्णिमा म्हणाली आणि तिने कानाचं सॉफ्टवेअर आत टाकलं. तेही गेलं. उघडलं. कानाचं चित्र आलं, रंगीत रेघा आल्या. ती खुर्चीतून उठून उभी राहिली. "चाललं," म्हणाली. "ओनली विंडोज म्हणे."

मथुराबाई जेवून आल्या. पूर्णिमाने डबीची वायर मॅकला लावली, मशीन त्यांच्या कानात बसवलं आणि पडद्यावरच्या रेघा वर-खाली केल्या. मी दारातून बघत होतो, माझ्या दुकानात तेव्हा एक गिऱ्हाईक चष्म्याशिवाय बसलेलं होतं, बसू दिलं त्याला.

"मावशी, ऐकू येतं?"

"येते ना."

"आता? जास्त वाटतं का?"

"नाही, चांगलं आहे."

"आज काय भाजी केली?"

"शेव-भाजी."

पूर्णिमाने टाळीच वाजवली. मी लगेच जाऊन गरम मावा-जिलेबी घेऊन आलो, एवढ्या आनंदात कोरडं कसं बसायचं? आम्ही तिघांनी खाल्ली, त्या चष्म्याशिवायच्या गिऱ्हाइकालाही दिली. मथुराबाई "लय चांगली आहे" म्हणाल्या, आणि त्या नेहमीसारख्याच म्हणाल्या, म्हणजे समोरच्या पानवाल्याने वळून बघितलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण तोंडात जिलेबी असली की माणूस शंका घेत नाही.

पूर्णिमा टेबलाखाली पडलेलं मशीनच्या डबीचं झाकण शोधायला वाकली आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, "मावशी, अजून एक घ्या."

मथुराबाई जिलेबी खात राहिल्या.

"मावशी?" ती मोठ्याने म्हणाली. मथुराबाई माझ्याकडे बघून हसल्या. पूर्णिमा टेबलाखालून वर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. तिने पुठ्ठा उचलला, तोंडापुढे धरला आणि विचारलं, नळाला पाणी आलं का. मथुराबाई पुठ्ठ्याकडे बघत बसल्या.

जी बाई दिवसभर लोकांपुढे पुठ्ठा धरते, ती भाडेकरूच्या कौतुकात आपला नियमच विसरली होती. मथुराबाईंनी सगळी उत्तरं तिच्या ओठांवरून दिली होती.

पूर्णिमाने पुठ्ठा खाली केला. "मावशी, मशीनमधून काही ऐकू येत नाही का?"

"मशीनमधून?" मथुराबाईंना नवलच वाटलं. "मशीनमधून काय ऐकायचं? तू बोलते ते समजते ना मले."

त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी हेच ऐकणं होतं, जन्मभर हेच होतं. पूर्णिमा डोक्याला हात लावून बसली, आणि मी, ज्याला काही कळत नाही, तिला म्हटलं की जाऊ दे, सुलभाच ठेवील नाव. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी माझ्या दुकानात निघून गेलो.

भिंतीआडून मला तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं. मशीनचं चित्र तर हलत होतं. रेघा तर हलत होत्या. मग तिचा आवाज, "काका, इकडे या. लवकर."

तिने पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे बारक्या अक्षरात लिहिलेलं होतं की मशीन जोडलेलं नाही, हे फक्त सरावासाठी चालू आहे. म्हणजे इतका वेळ ती कुणाचाच नाही असा कान बसवत होती. डबीची वायर लावलेली होती, पण विंडोजला ती दिसतच नव्हती. तिने वायर काढून पुन्हा लावली. पडद्यावर क्षणभर एक पाटी आली आणि तिचं बोट सवयीने तिच्यावरचं पहिलं बटण दाबायला गेलं. ते तिने मधेच थांबवलं. पाटीवर विचारलं होतं, ही वस्तू मॅकला द्यायची का विंडोजला? पहिलं बटण मॅकचं होतं. मघाशी वायर लावताना तिने घाईघाईने तेच दाबलं होतं.

"भाडेकरूचं पार्सल घरमालकाने घेऊन कपाटात ठेवलं," मी म्हटलं.

"तुम्हाला बरोबर कळलं, काका," पूर्णिमा म्हणाली आणि तिने दुसरं बटण दाबलं.

मथुराबाईंच्या कानातल्या मशीनने बारीक टिंग केलं. ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण त्या बसल्या जागी दचकल्या आणि मागे वळून बघायला लागल्या. पूर्णिमाने यावेळी घाई केली नाही. एकेक रेघ थोडी थोडी वर घेत गेली, दर वेळी पुठ्ठा तोंडापुढे. पाणी आलं का? आलं नाही. बस मिळाली का? मिळाली. मथुराबाईंची उत्तरं पुठ्ठ्याआडच्या प्रश्नांना येत होती.

मग मथुराबाईंनी विचारलं, "आता झालं का?" आणि विचारता विचारता त्या थांबल्या. त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला.

"हे कोन बोलू रायलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच," पूर्णिमा म्हणाली.

"एवढी मोठ्यानं?"

हे शेवटचे दोन शब्द त्या आधीच्यापेक्षा खालच्या आवाजात बोलल्या. आणि तेही त्यांना ऐकू आलं. मग त्या हसायला लागल्या. त्यांचं हसणंही त्यांना ऐकू येत होतं, त्यामुळे त्या आणखी हसत होत्या. पूर्णिमाचे डोळे वाहत होते आणि ती मला म्हणत होती, "काका, बघा ना." मी बघतच होतो.

नंतर दोन दिवस मथुराबाई रोज दुकानात येऊन बसल्या. पूर्णिमा एका कोपऱ्यात उभी राहायची आणि त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यातून तिला ऐकू जाणार नाही असं काहीतरी बोलायचं. आधी ते मला भिंतीपलीकडे ऐकू यायचं. मी भिंतीवर टकटक करायचो, म्हणजे नापास. शनिवारी दुपारी मी वाट बघत राहिलो, टकटक करायला हात वर धरूनच बसलो, आणि पलीकडे काहीच ऐकू आलं नाही. मी उठून बघायला गेलो. त्या बोलत होत्या.

रविवारी आम्ही दापोऱ्याला गेलो. मला बोलावणं नव्हतं, पूर्णिमाला होतं, मी गाडी चालवायला म्हणून गेलो. अंगणात मांडव, पाळण्याला झेंडूच्या माळा, पातेलंभर घुगऱ्या. मथुराबाईंचं हिरवं लुगडं आणि कानामागे मशीन, त्यांनी ते पदराने झाकलंही नव्हतं. रितेशने मुलीला पाळण्यात ठेवलं. ती झोपलेली होती. शीतल पाळण्याची दोरी घट्ट धरून उभी होती, आणि तिच्या तोंडाकडे बघून कुणालाही कळलं असतं की ती मनात देवाचा धावा करते आहे.

मथुराबाई वाकल्या. बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीवर थापा मारायला हात उचलले आणि नाव ऐकायला माना पुढे केल्या. सगळं अंगण थांबलं. मथुराबाईंचे ओठ बाळाच्या कानाशी हलले.

काहीच ऐकू आलं नाही. बाळ झोपलेलंच राहिलं.

मथुराबाई सरळ उभ्या राहिल्या. "झालं," त्या म्हणाल्या.

"नाव काय पण?" कुणीतरी बाईने विचारलं. "आम्हाले तर ऐकूच नाही आलं."

"जिले सांगायचं होतं तिले सांगितलं," मथुराबाई म्हणाल्या, आणि तेही इतकं साधं, इतकं घरच्या आवाजात, की मागच्यांनी पुढच्यांना विचारलं, काय म्हणाली?

शीतलने पाळण्याची दोरी सोडली. ती मथुराबाईंच्या जवळ गेली, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि आपला कान त्यांच्यापुढे केला. "फुई, मला पण सांगा," ती म्हणाली.

मथुराबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या कानात हळूच नाव सांगितलं. शीतल हसली, मग तिने डोळे पुसले. तिच्यामागे सुलभा उभी होती, तिनेही कान पुढे केला. मग तिच्यामागची बाई, आणि तिच्यामागची. नाव काय आहे ते एव्हाना मांडवभर झालं होतं. तरी बायका कान पुढे करतच होत्या, आणि मथुराबाई प्रत्येकीला पहिल्यांदाच सांगावं तसं सांगत होत्या.